पांढरा गणपती राखाडी का येतो?

फिल्मचा कॅमेरा नव्याने हातात आला की मुंबई-पुण्याच्या मंडळींची पावलं पेणकडे वळतात. पेण शहर, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. रंग लागण्याआधीच्या कच्च्या मूर्ती शेडमध्ये एकीला एक लागून उभ्या असतात. सगळीकडे प्लास्टरचा निव्वळ पांढरा रंग आणि एकाच बाजूने आत येणारा उजेड. असा विषय समोर असताना बोट बटनावर जातंच. रोल धुऊन येतो तेव्हा मात्र मूर्ती पांढऱ्या नसतात. त्या राखाडी, मळकट दिसतात. सोंडेखाली आणि मांडीच्या घडीत नुसता काळोख असतो, त्यात जाडेभरडे दाणे. मग बोल लावला जातो लॅबला, नाहीतर जुन्या कॅमेऱ्याला. बहुतेक वेळा दोघांचाही काही दोष नसतो.

कॅमेऱ्यातलं मीटर हा एक तराजू आहे. पारड्यात किती वजन आहे ते तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. समोरून परत येणारा उजेड मीटर मोजतं आणि धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, म्हणजे अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारं आहे. रस्ता, झाडं, माणसं, कौलं असं सगळं मिसळलेलं दृश्य असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी जुळतो. पांढऱ्या मूर्तींनी चौकट भरली की तो पार चुकतो. प्लास्टर ७० टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतं. १८ ची दुप्पट ३६, ३६ ची दुप्पट ७२. फोटोग्राफीत प्रत्येक दुपटीला एक स्टॉप म्हणतात, म्हणजे मूर्ती मीटरच्या अंदाजापेक्षा दोन स्टॉप उजळ आहे. मीटरला वाटतं की उजेडच भरपूर आहे, आणि ते तेवढा कमी करायला सांगतं. फिल्मवर पोचतो तो गरजेच्या एक चतुर्थांश उजेड.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. रोल ४०० आयएसओचा आहे, लेन्स ५० मिलिमीटरची. मूर्तींच्या रांगेवर कॅमेरा धरल्यावर मीटर सांगतं: शटर १/१२५, छिद्र एफ/४. तुम्ही ठेवायचं शटर १/६० आणि छिद्र एफ/२.८. शटरने एक स्टॉप दिला, छिद्राने दुसरा. एफ/४ तसंच ठेवून शटर १/३० वर नेलं तरी हिशेब तोच, पण ५० मिलिमीटरच्या लेन्सला हातात धरून १/६० च्या खाली जाऊ नये. खाली गेलं की हाताचा थरथराट फोटोत उतरतो. लेन्सच्या मिलिमीटरइतका आकडा शटरचा हवाच, हा जुना दंडक आजही कामाचा आहे.

आकडेमोड नको असेल तर स्वतःचा तळहात वापरा. मूर्तीवर जो उजेड पडतोय त्याच उजेडात तळहात धरा, चौकट तळहाताने भरून मीटर घ्या आणि त्याहून एक स्टॉप जास्त द्या. बहुतेकांचा तळहात मध्यम राखाडीपेक्षा एका स्टॉपने उजळ असतो, म्हणून हा एक स्टॉप. हात मात्र दारातल्या उन्हात आणि मूर्ती आतल्या सावलीत, असं होऊ देऊ नका. त्याच कारखान्यात कोपऱ्यात शाडूची मूर्ती घडत असेल तर तिला यातलं काहीच लागत नाही. ओली शाडू मातीच राखाडी असते. तिच्यावर मीटरचा आकडा जसाच्या तसा चालतो. प्लास्टरची आणि ओल्या शाडूची मूर्ती शेजारी ठेवून दोघींवर वेगवेगळं मीटर घेऊन पाहा. उजेड तोच असताना आकडा बदलतो. दहा पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे मिनिटभरात समजतं.

पांढऱ्याचा हा फसवा खेळ या भागात जागोजागी आहे. पेणच्या खाडीपट्ट्यात जिथे अजून मिठागरं उरली आहेत तिथे उन्हाळ्यात मिठाच्या राशी लागतात. त्यावर भरदुपारी मीटर घेणारा हमखास फसतो. तिथे मीटरची गरजही नाही. कडक उन्हात छिद्र एफ/१६ ठेवायचं आणि शटर रोलच्या आयएसओइतकं: २०० चा रोल असेल तर १/२५०. हा हिशेब सूर्याच्या उजेडाचा आहे, समोरच्या वस्तूच्या रंगाचा नाही, म्हणून मीठ असो की चिखल, तो बदलत नाही. रोह्याच्या वरच्या अंगाला, कोलाडजवळ कुंडलिकेतही मीटर असंच फसतं. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेलं पाणी नदीत येतं, म्हणून इथे पावसाळा संपल्यावरही राफ्टिंग चालतं. फेसाळत्या पाण्यावर मीटर घेतलं की फेस राखाडी येतो आणि राफ्टमधल्या माणसांचे चेहरे काळवंडतात. काठावरच्या हिरव्या झाडीवर मीटर घ्या. पाण्यावर जसा उजेड आहे तसाच झाडीवर असला की झालं. शटर १/५०० च्या खाली नको, नाहीतर पाण्याच्या थेंबांबरोबर वल्हीही पुसट होतात.

उलटी बाजू रोह्याजवळच्या अवचितगडावर दिसते. पावसात भिजलेला काळा कातळ आणि शेवाळलेली तटबंदी यांवर मीटर म्हणतं उजेड कमी आहे, जास्त द्या. नियमाने इथे एखादा स्टॉप कमी करायला हवा. पण रोल निगेटिव्हचा असेल तर नवशिक्याने तो जास्तीचा उजेड जाऊ द्यावा.

कारण फिल्म दोन्ही चुकांना सारखी शिक्षा करत नाही. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. एखाद्या कणावर पुरेसा उजेड पडला की त्यात चांदीचे तीन-चार अणू एकत्र येतात, आणि डेव्हलपर नेमका तेवढाच कण ओळखून पूर्ण काळा करतो. उजेड त्या उंबरठ्याच्या खाली राहिला तर कण तसाच राहतो आणि फिक्सरमध्ये धुऊन जातो. सोंडेखालची सावली नोंदलीच गेली नसेल तर कोणताही स्कॅनर ती परत आणू शकत नाही. उजेड जास्त झाला तर निगेटिव्ह दाट होते, पण तपशील तिच्यात असतो आणि प्रिंट काढताना तो बाहेर काढता येतो. म्हणून निगेटिव्हवर शंका आली की एक स्टॉप जास्त द्यावा. मोबाइलवर शिकलेली सवय याच्या नेमकी उलटी असते. तिथे पांढरं जळून गेलं की गेलं, म्हणून लोक थोडं काळपट काढतात, आणि तीच सवय फिल्मवर आणून रोलच्या रोल पातळ करतात. स्लाइडचा रोल मात्र डिजिटलसारखाच वागतो. तो पहिल्या वर्षात न घेतलेला बरा.

आता रोल भरण्याकडे येऊ. सर्वांत मोठं नुकसान तिथे होतं, आणि ते पूर्ण टाळता येतं. ३५ मिलिमीटरच्या जुन्या कॅमेऱ्यात फिल्मचं टोक उजवीकडच्या फिरकीच्या खाचेत अडकवावं लागतं. ते नीट अडकलं नाही तर फिरकी नुसती फिरते आणि फिल्म जागची हलत नाही. वरचा आकडा मात्र पुढे सरकत राहतो, कारण तो फिल्म पुढे नेणारी तरफ किती वेळा ओढली ते मोजतो, फिल्म किती सरकली ते नाही. एक, दोन, दहा, वीस. लग्नाचं सगळं शूटिंग होतं, आणि फिल्म डबीतून बाहेर आलेलीच नसते.

याला उपाय डोळ्यांचा आहे. टोक खाचेत घाला, तरफ एकदा ओढा आणि झाकण उघडं असतानाच पाहा: फिल्मच्या दोन्ही कडांची भोकं दातेरी चाकावर बसली आहेत का, फिल्म ताणून सपाट झाली आहे का. मग झाकण लावा. डावीकडची रिवाइंडची कडी उलगडून बाणाच्या दिशेने अलगद फिरवा, अडली की थांबा. आतली ढील निघाली. आता तरफ ओढा आणि नजर त्या कडीवर ठेवा. फिल्म सरकत असेल तर कडी आपोआप उलट्या दिशेला फिरते. ती स्थिर राहिली तर झाकण उघडून पुन्हा भरा. फार तर फिल्मचं टोक वाया जाईल. ही कडी मधूनमधून पाहायची सवय लागली की कोरा रोल परत येत नाही. ३६ च्या रोलवर आकडा ३९-४० वर जाऊनही तरफ सहज ओढली जात असेल तर काहीतरी बिघडलंय हे तेव्हाच ओळखा.

शेवटाला तरफ अडते. ती जोर लावून ओढू नका, फिल्म डबीतून उपटून येते. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक लहान बटन असतं, ते दाबायचं आणि कडी फिरवून फिल्म डबीत परत गुंडाळायची. ताण एकदम सुटला की झालं. झाकण त्यानंतरच. रोल संपला म्हणून सरळ झाकण उघडणारे दर मोसमात भेटतात. फिल्म तुटलीच असेल तर कॅमेरा उघडू नका. तो तसाच लॅबमध्ये द्या, नाहीतर काळ्या पिशवीत हात घालून फिल्म काढा. गुंडाळलेल्या डबीवर तारीख आणि जागा पेनने लिहा. वापरलेला रोल कोरा समजून पुन्हा भरला की पेणच्या मूर्तींवर रोह्याचं स्टेशन छापलं जातं.

आयएसओची चकती विसरणं ही तितकीच नेहमीची गोष्ट. १९८३ नंतरच्या डीएक्स पद्धतीत डबीवरच्या चंदेरी चौकटी वाचून कॅमेरा आयएसओ स्वतः लावतो, पण त्याआधीच्या कॅमेऱ्यांना ते हाताने सांगावं लागतं. १०० चा रोल घातला आणि चकती ४०० वरच राहिली, की ३६ च्या ३६ फोटो दोन स्टॉप कमी. रोलच्या खोक्याचा झाकणाचा तुकडा फाडून कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या खाचेत खोचा. खाच नसेल तर चिकटपट्टीने लावा.

रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्यानंतर त्यांची पालखी निघते आणि पोलिसांचं पथक सशस्त्र सलामी देतं. अशा गर्दीत प्रत्येक फोटोला फोकस जुळवत बसलात तर पालखी पुढे गेलेली असते. ऊन चढलं की ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर छिद्र एफ/८ आणि अंतर तीन मीटर लावून ठेवा. साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. फोकसच्या कड्याला हात न लावता फक्त चौकट सांभाळायची. रेंजफाइंडर कॅमेरा असेल तर लेन्सचं टोपण खिशात आहे ना, हे आधी पाहा. त्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नसतो, त्यामुळे टोपण लावलेलं असूनही समोर पालखी छान दिसत राहते. फ्लॅश लावलात तर शटर कॅमेऱ्याने सांगितलेल्या वेगावर, बहुधा १/६० किंवा १/१२५ वर आणा. वेग जास्त ठेवला की अर्धा फोटो काळा येतो.

जुना कॅमेरा विकत घेतला की पहिला रोल महत्त्वाच्या कामाला वापरू नये. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, तेव्हा कच्च्या फिल्मला भोकंसुद्धा पाडलेली नसत. ती अंधारात घरीच पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करत. ‘राजा हरिश्चंद्र’ला हात घालण्याआधी फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत चित्रित केली. भांडवल देणाऱ्यांना त्यातून चमत्कार दिसला, आणि फाळक्यांना आपला कॅमेरा, फिल्म आणि रसायनं तिन्हींची परीक्षा घेता आली. तुमच्या परीक्षेला एक साधा कृष्णधवल रोल पुरतो. एकच दृश्य प्रत्येक शटरवर काढा, छिद्र त्या प्रमाणात बदलत जा आणि वहीत आकडे लिहा. सगळ्या चौकटी सारख्याच दाट आल्या तर शटर बरोबर चालतंय. एखादी वेगळी आली तर तो वेग टाळायचा. वहीशिवाय हा रोल काहीच शिकवत नाही.

परदेशी पुस्तकांत जे सापडत नाही ते कोकणच्या हवेचं. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने घरातलं कापडही कोरडं वाटत नाही. जुना कॅमेरा त्याच्या चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवणं ही इथली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सवर बुरशीचे पांढरे धागे धरतात. त्या बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, मग पुसूनही डाग जात नाही. कॅमेरा केसबाहेर काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आठवड्यातून एकदा वापरा. सिलिका जेल गरम करून पुन्हा कोरडं करता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नको. निळ्या रंगाच्या दाण्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं. पाठीमागच्या झाकणाच्या कडेला असलेला काळा फोम या हवेत चिकट होऊन झडतो आणि तिथून उजेड शिरतो. फोटोवर एकाच बाजूने केशरी पट्टा येत असेल तर नवा फोम लावून घ्या.

रोल फ्रीजमध्ये ठेवणं चांगलंच, पण बाहेर काढल्यावर डबी बंद ठेवून निदान तासभर थांबा. जुलैच्या हवेत थंड फिल्म उघडली की तिच्यावर लगेच दव धरतं. याहून वाईट म्हणजे अर्धा वापरलेला रोल वर्षभर कॅमेऱ्यात राहणं. एका गणपतीत सुरू केलेला रोल दुसऱ्या गणपतीत संपतो, तोवर उकाड्याने आणि दमटपणाने आधीच्या फोटोंची सुप्त प्रतिमा विरत जाते. ३६ चा रोल संपत नसेल तर २४ चा घ्या. जुन्या घरांच्या माळ्यावर कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल सापडतात. मुदत संपलेल्या दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त द्या असं सांगितलं जातं, पण ते थंड जागी ठेवलेल्या रोलचं गणित आहे. पत्र्याखाली तापलेल्या रोलवर घरातलं लग्न काढू नये.

कृष्णधवल रोल घरी धुणाऱ्यांना हीच हवा आणखी दोनदा गाठते. पहिल्यांदा फिल्म रिळावर चढवताना. काळ्या पिशवीत हाताला घाम सुटतो, प्लास्टिकचं रीळ थोडं जरी ओलसर असेल तरी फिल्म मध्येच चिकटून बसते, आणि ओढाताणीत तिला चंद्रकोरीसारख्या चुण्या पडतात. रीळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा, फिल्म रात्री गारव्यात चढवा आणि हात पुसून घ्या. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर उजेडात, मग डोळे मिटून सराव करा.

दुसऱ्यांदा पाण्याच्या तापमानाला. सगळी कोष्टकं २० अंशांची असतात. मे महिन्यात टाकीतलं पाणी ३० च्या वर असतं. इल्फर्डचा एचपी५ रोल त्यांच्याच आयडी-११ मध्ये, पातळ न करता, २० अंशांना साडेसात मिनिटं घेतो, २४ ला साधारण साडेपाच. त्याहून गरम झालं की वेळ पाच मिनिटांच्या खाली जाते आणि मग डेव्हलपर सगळीकडे सारखं काम करत नाही, आकाशात पट्टे येतात. घमेल्यात पाणी आणि बर्फाच्या पिशव्या घेऊन त्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचं पाणी या सगळ्यांच्या बाटल्या एकत्र ठेवा. नुसता डेव्हलपर गार करून नंतर नळाच्या गरम पाण्यात फिल्म धुतली तर जिलेटिनला एकदम झटका बसतो आणि दाणे विस्कटतात. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे थेंब टाका, म्हणजे बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहत नाहीत. फिल्म पंख्याखाली वाळत घालू नका, धूळ कायमची चिकटते. बंद बाथरूममध्ये, खाली कपड्याचा चिमटा लावून टांगा. पावसाळ्यात तिला रात्रभर तिथेच राहू द्या.

रोल लॅबला पाठवत असाल तर स्कॅनबरोबर निगेटिव्हही परत हव्यात हे आधीच सांगा. बरेच जण फाइली मिळाल्या की निगेटिव्ह आणायला जात नाहीत, आणि पुढे काय चुकलं ते शोधायचा एकमेव पुरावा हरवून बसतात. स्कॅन करणारं यंत्र पातळ फोटो आपोआप उजळतं, त्यामुळे स्क्रीनवर चूक झाकली जाते. खिडकीसमोर धरलेली निगेटिव्ह ती झाकत नाही.

आधी कडेला पाहा. कंपनीचं नाव आणि चौकटींचे आकडे कारखान्यातच फिल्मवर उजेडाने छापलेले असतात, आणि डेव्हलप झाल्यावरच ते दिसतात. आकडे ठळक आहेत आणि मधल्या चौकटी कोऱ्या आहेत, तर धुणं नीट झालं, फिल्मवर उजेडच पडला नाही: रोल सरकला नव्हता, टोपण तसंच होतं किंवा शटर उघडत नाही. आकडेही नाहीत आणि सगळी फिल्म काचेसारखी पारदर्शक, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. आकडे ठळक पण चौकटी पातळ आणि सावल्या कोऱ्या, तर मीटर फसलं किंवा आयएसओची चकती चुकली. आकडेच फिके आणि चौकटीही फिक्या, तर डेव्हलपर कमी वेळ मिळाला किंवा थंड होता. सुरुवातीची पूर्ण काळी पट्टी उजेडात भरल्याची, ती असायचीच. मधल्याच काही चौकटी कडेच्या भोकांसकट काळ्या असतील तर झाकण उघडलं गेलं होतं. पांढऱ्या मूर्ती निगेटिव्हवर दाट काळ्या आणि सोंडेखालची सावली फिकी असूनही रेषा दाखवणारी आली, तर वहीतल्या त्या आकड्यांखाली रेघ मारा आणि पुढच्या रोलला तेच वापरा.